एझ्राशेठचा बर्फकारखाना

एझ्राशेठच्या बर्फकारखान्यात मी अकरा वर्षं काढली. पहिली सात इंजिनावर, शेवटची चार विजेच्या पॅनेलसमोर. आता मला कमी ऐकू येतं, आणि डॉक्टर त्याचं खापर त्या पहिल्या सात वर्षांवर फोडतात. फोडू देत. त्या वर्षांची आठवण निघाली की मला अजून बरं वाटतं.

आमचं खारचोंढी गाव धरमतरच्या खाडीला लागून. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला खारजमिनीतली भातशेती, मधून बांध. कासूचं स्टेशन चालत तासाभरावर, पेणचा बाजार एसटीनं पाऊण तासावर. गावात वस्ती आगऱ्यांची आणि कोळ्यांची. इस्रायली, म्हणजे आमच्याकडच्या ज्यू लोकांचं, घर एकच उरलं होतं, एझ्राशेठचं. त्यांच्या वडलांचा तेलाचा घाणा होता. घाणा बंद पडला तसे भाऊबंद एकेक करून इस्रायलला निघून गेले. एझ्राशेठ राहिले. अठ्ठ्याऐंशी साली, पन्नाशीला आल्यावर, त्यांनी घाण्याच्या जागेवर पत्र्याची शेड ठोकली आणि बर्फाचा कारखाना काढला. मी तोवर मिठागरावर पाणी ओढायचं इंजिन चालवत होतो. शेठनी मला बोलावून घेतलं.

"रघू, मिठागराचं इंजिन आणि बर्फाचं इंजिन यात फरक काय?"

"काय नाय शेठ. दोनी काळा धूरच सोडतात."

ते हसले आणि दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो.

बर्फ बनवणं तसं सोपं. मोठ्या हौदात मिठाचं पाणी गार करायचं, त्यात गोड्या पाण्यानं भरलेले पत्र्याचे उंच डबे सोडायचे आणि दीड दिवस यंत्र चालू ठेवायचं. चालू ठेवायचं, तेवढीच काय ती अडचण. गावात लाइट होती, पण तिच्यात जीव नव्हता. मोटार नुसती घुमायची, फिरायची नाही. हातानं पट्टा ओढून फिरवली की वास यायचा आणि गुंडाळी जळून जायची. जळलेली मोटार गोणपाटात बांधून रोह्याला न्यायची, आठवडाभर वाट बघायची, आणि तोवर सगळा भार माझ्या डिझेल इंजिनावर. पण नुसत्या डिझेलवर बर्फ केला तर लादी इतकी महाग पडायची की कोळणी दारातूनच परत जायच्या. म्हणून शेठ थोडा वेळ लाइट, थोडा वेळ डिझेल, असं करायचे. मग लादी कच्ची निघायची. बाहेरून काच, आत दुधाळ आणि पोकळ. उन्हात नेली की तासाभरात तिचे दोन तुकडे व्हायचे.

आणि आमच्या शिवारावरून तर मोठमोठ्या मनोऱ्यांच्या तारा जात होत्या. रोह्याच्या वर, डोंगरात, भिऱ्याला पाण्यावर वीज होते हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. ती वीज आमच्या भाताच्या वरून मुंबईला जायची. दमट हवेत त्या तारा गुणगुणायच्या. खाली आमच्या घरातल्या दिव्याची तार विझत्या निखाऱ्यासारखी लाल.

कच्च्या लादीची किंमत कोण मोजायचं, तर धोंडुबाई. धोंडुबाई ही कोळीवाड्यातली सगळ्यात जुनी मासे विकणारी. नवऱ्यामागं दोन होड्या तिनंच सांभाळल्या होत्या. पहाटेची मासळी बांधावर उतरायची. जिताडा, कोळंबी, बोयटं. पेणचा व्यापारी हैबतराव आपला टेम्पो घेऊन सातलाच येऊन उभा राहायचा. टेम्पोत त्याचा स्वतःचा बर्फ, लांबून आणलेला, भुशात गुंडाळलेला. तो भाव बोलायचाच नाही. चहा प्यायचा, पेपर वाचायचा. उन्हं डोक्यावर आली, टोपल्यांवर माशा बसायला लागल्या, की उठायचा.

"हां धोंडुबाई, आता बोला."

"ह्योच भाव सकाळी सांगितला असतास तर मी तोंड फिरवलं असतं."

"म्हणून तर सकाळी सांगत नाय."

तो वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. कुणाच्या घरात मयत झालं की टेम्पो पाठवायचा. पण त्याच्याकडे बर्फ होता आणि हिच्याकडे नव्हता, एवढ्या एका गोष्टीवर सगळा कोळीवाडा वाकलेला होता.

नव्वद-एक्याण्णव साली आखातात लढाई लागली आणि डिझेल मिळेनासं झालं. मी वडखळच्या पंपावर पिंप घेऊन रांगेत उभा राहायचो. सकाळी जायचं आणि संध्याकाळी रिकाम्या पिंपानं परत यायचं. दीड महिना कारखाना बंद राहिला. हौदातलं पाणी कोमट झालं, डब्यांना गंज चढला. शेठ रोज सकाळी येऊन शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचे. मी म्हटलं, "शेठ, घरी बसा ना." तर म्हणाले, "घरी दीना बघते माझ्याकडं. हितं डबे बघतात. डबे बरे."

दीनामावशी म्हणजे त्यांची बायको. त्यांची एकुलती मुलगी शीरा लग्न होऊन इस्रायलला गेलेली. त्र्याण्णवच्या सुरुवातीला शीराचं बाळंतपण म्हणून मावशी तिकडे गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. नातू झाला, मागून दुसरा झाला. पत्रं यायची. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच विचारणा, तुम्ही कधी येता. शेठ प्रत्येक उत्तरात लिहायचे, कारखाना एकदा नीट चालू दे, मग येतो. पत्र टाकायला मीच कासूला जायचो, आणि पाकीट चिकटवायच्या आधी ते मला तेवढी ओळ वाचून दाखवायचे, जणू मी त्याला साक्षीदार.

मावशी गेल्या त्याच वर्षी पावसानंतर लाइटीच्या खात्याचे एक इंजिनियर साहेब नकाशा घेऊन आले. तरुण होते, चिखलात बूट भरलेले. कारखान्याच्या ओट्यावर नकाशा पसरून त्यांनी सांगितलं की कासूच्या अलीकडे मोठं उपकेंद्र होणार, डोंगरातल्या त्या विजेतला वाटा इथं उतरवून घेणार आणि तिथून खाडीकाठच्या गावांना जाड तारांची नवी लाइन टाकणार.

शेठनी विचारलं, "वीज कमी आहे म्हणतात ना सगळीकडं? मग आम्हाला कुठून देणार?"

"तुमच्याकडं वीज कमी नव्हती हो," साहेब म्हणाले. "पाणी दरवर्षी डोंगरावर पडतं, दरवर्षी खाली येतं. वीज तिथं होतेच आहे. तुमच्यापर्यंत यायला तिला वाट नाही. ह्या बारीक तारांतून येता येता निम्मी वाटेतच मरते. आता सरकारनं वाटेवर पैसा घालायचं ठरवलंय."

मग ते जरा अडखळले. लाइन गावात यायला दोन वाटा होत्या. एक बांधाच्या कडेनं, पण तिथं खाडीचा गाळ, खांब उभे राहायचे तर पाया वेगळा, त्याची मंजुरी पुन्हा वरून आणायची, त्यात दोन-तीन वर्षं जाणार. दुसरी वाट सरळ होती. ती एझ्राशेठच्या वाडीतून जात होती. वाडीत बत्तीस माड, शेठच्या वडलांनी घाण्याच्या भरभराटीत लावलेले. तारेखाली माड चालत नाहीत. सगळे तोडावे लागणार.

"विचार करा," साहेब म्हणाले. "तुमच्या संमतीशिवाय मी आत पाय टाकणार नाही."

साहेब गेल्यावर शेठ मला वाडीत घेऊन गेले. बराच वेळ माडांतून नुसते चालत राहिले. एकेका बुंध्याला हात लावत होते. मग म्हणाले, "तुला काय वाटतं रे?"

मी म्हणालो, "नका तोडू शेठ. वडलांच्या हातचे माड. पाप लागंल."

मी हे का बोललो ते मला तेव्हाच ठाऊक होतं. नवी लाइट आली की इंजिन बंद. इंजिन बंद की रघू बंद. माझी बायको हौसा तेव्हा धाकट्याच्या वेळी दिवसांत होती आणि मिठागरावर आता माझ्या जागी दुसरा माणूस होता. मला माडांचं काही पडलेलं नव्हतं. पण बोललो मात्र असं, की जसं काही मीच ते लावले होते.

शेठनी आठ दिवस काही सांगितलं नाही. नवव्या दिवशी संमतीच्या कागदावर सही केली.

माड तोडायला चार माणसं आली. आधी नारळ उतरवले, ते शेठनी घराघरांत वाटले. माड पडला की त्याच्या शेंड्याच्या पोटात पांढरा गोड गाभा निघतो, ताज्या खोबऱ्याहून कोवळा. एका झाडापासून एकदाच मिळणारी गोष्ट, माड मेल्यावर. शेठ स्वतः कोयत्यानं त्याच्या चकत्या करत होते आणि जो येईल त्याच्या हातावर ठेवत होते. सगळं गाव वाडीत जमलेलं. माणसं आवडीनं खात होती आणि शेठकडे बघायचं टाळत होती. मला दिला तो तुकडा मी हातातच धरून ठेवला.

"शेठ, मी तुमाला खोटं बोललो. मला माडांची काळजी नव्हती. माझ्या इंजिनाची होती."

त्यांनी कोयता पुसला. "माहीत हाय मला. तू आजवर माझ्या वाडीत कधी आला नव्हतास." मग म्हणाले, "हौसा बाळंत झाली की रोह्याला जा. निसीमकडं. तीन महिने राहा. पगार चालू राहील."

निसीम म्हणजे शेठचा चुलतभाऊ. रोह्याच्या बाजारात त्याचं मोटारी भरायचं, म्हणजे जळलेली गुंडाळी काढून नवी तार गुंडाळायचं, दुकान होतं. आमच्या जळलेल्या मोटारी सात वर्षं त्याच्याकडेच जायच्या. नुसत्या आमच्याच नाहीत, गिरण्यांच्या, पंपांच्या, पोह्याच्या कारखान्यांच्या. दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. मी वळकटी घेऊन पोचलो तेव्हा तो तांब्याच्या तारेचं वेटोळं मांडीवर घेऊन बसला होता.

"ये. तूच का तो रघू?" तो म्हणाला. "बघ, कशी तऱ्हा आहे. व्होल्टेज पडतं म्हणून माझं दुकान उभं आहे. आता दादा नवी लाइन आणून मला उपाशी मारणार, आणि त्या लाइनीवरचा माणूस शिकवणार कोण? तर मीच."

पण शिकवलं त्यानं जीव लावून. दुकानाच्या माळ्यावर मी झोपायचो. सकाळी कुंडलिकेच्या पुलावर जाऊन यायचं, मग दिवसभर तारा, कॉइल, स्टार्टर, फ्यूज. धाटावच्या कंपन्यांतून मोठ्या मोटारी यायच्या, त्या उघडून दाखवायचा. पहिल्याच आठवड्यात मी नको तिथं हात घातला आणि फेकला गेलो भिंतीवर. निसीमनं मला उठवून पाणी दिलं आणि म्हणाला, "इंजिन बिघडलं की ओरडतं. वीज गप असते. तुझ्या कानांचा इथं काही उपयोग नाही. आधी टेस्टर, मग हात." तिशी उलटलेला मी, पुन्हा शाळेत बसल्यासारखा वहीत आकृत्या काढायचो. शनिवारी त्याचं दुकान बंद, तेव्हा मी पॅसेंजर पकडून कासूला उतरायचो, चालत घरी जायचो, बाळाला बघायचो आणि रविवारी परत. त्या गाडीत खिडकीला बसून मी शेताशेतांतून नवे खांब उभे राहताना पाहिले. दर आठवड्याला गावाकडे दोन-चार खांब पुढे सरकलेले.

लाइन पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत सोडली. वार होता शनिवार.

एझ्राशेठ शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी सूर्य मावळेपर्यंत कारखान्यात पाऊल टाकायचे नाहीत; त्यांच्या धर्मात तो विसाव्याचा दिवस. दिवा लावायचे नाहीत, विस्तव पेटवायचे नाहीत, आणि दुसऱ्याला सांगून पण करवून घ्यायचे नाहीत. शनिवारचा कारखाना माझा. मी काय केलं, काय नाही, हे ते रविवारी विचारायचे. त्या शनिवारी सकाळी दहाला साहेब जीपमधून आले आणि म्हणाले, चला, आज लाइन चार्ज करतोय.

मी धावत शेठच्या घरी गेलो. ते स्वच्छ सदरा घालून ओटीवर प्रार्थनेचं पुस्तक वाचत होते.

"शेठ, लाइन आली. साहेब थांबलेत."

त्यांनी पुस्तकात बोट ठेवलं, ते मिटलं, मुका घेऊन फळीवर ठेवलं आणि माझ्याबरोबर चालू लागले. फाटकाशी पोचल्यावर थांबले. अख्खं गाव आत होतं. धोंडुबाई सगळ्यांच्या पुढं, रिकामी टोपली कमरेला लावून.

"या शेठ!" साहेब आतून ओरडले. "पहिलं बटन तुम्ही दाबायचं."

"आज नाय, साहेब."

"मग उद्या रविवार. आणि सोमवारपासून मी तिकडं नागोठण्याच्या बाजूला. माणसं अडकून पडतील माझी."

शेठनी मान खाली घातली. ते मला 'दाब' म्हणू शकत नव्हते, आणि 'दाबू नको' म्हणायची त्यांची इच्छा नव्हती. सात वर्षांत मी त्यांच्याकडून हजार हुकूम घेतले असतील. त्या दिवशी एकही शब्द आला नाही. मी आत गेलो. टेस्टर लावला, तिन्ही फेज बघितले, आणि हिरवं बटन दाबलं.

मोटार घुमली नाही. एका दमात उचलली. पट्टा फिरला, यंत्र चालू झालं, आणि माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कारण माझ्या इंजिनाच्या दणदणाटाची सवय झालेल्या त्या शेडमध्ये आता फक्त एक बारीक घरघर होती. हौदातलं पाणी हलल्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"चालू हाय का नाय?" धोंडुबाईनं विचारलं.

"चालू हाय गो म्हातारे," मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला मोठा वाटला.

मी फाटकाकडे बघितलं. शेठ बाहेरच उभे होते. खांबाला धरून. उन्हात. ते संध्याकाळपर्यंत पुन्हा घरी गेले नाहीत. समोरच्या पाराला टेकून आतला आवाज ऐकत बसले. सूर्य मावळला, तीन चांदण्या दिसल्या, म्हणजे त्यांचा शनिवार संपला, तेव्हा उठून आत आले आणि मोटारीच्या अंगावर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

सोमवारी पहिल्या लाद्या काढल्या. मी लादीच्या मागं हात धरला तर बोटं दिसत होती, बोटांवरचं ग्रीस दिसत होतं. मध्यभागी एक बारीक पांढरी रेघ, बाकी सगळी काच. आणि डिझेल गेल्यामुळं लादीचा भाव आधीच्या निम्म्याच्याही खाली आला. धोंडुबाईनं आठ लाद्या उचलल्या. इतक्या एकदम तिनं कधी घेतल्या नव्हत्या.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी मुद्दाम बांधावर गेलो होतो. हैबतराव नेहमीसारखा चहा पिऊन, पेपर वाचून, उन्हं चढल्यावर उठला. नेहमीचा भाव बोलला. धोंडुबाई टोपलीवरचं गोणपाट सारखं करत होती. तिनं वर न बघताच म्हटलं, "आज नाय देत."

"म्हंजे?"

"आज द्यायची नाय. उद्या ये."

"उद्या? उद्यापर्यंत वास सुटंल."

तिनं गोणपाट उचललं. खाली फोडलेला बर्फ, त्यात जिताडे, डोळे अजून काळेभोर चमकणारे. हैबतरावानं ते बघितलं. मग बाजूच्या टोपल्या बघितल्या. सगळ्या टोपल्यांवर गोणपाट होतं. तो हसला आणि टेम्पोत जाऊन बसला. पण टेम्पो सुरू केला नाही. दहा मिनिटांनी परत उतरला आणि पहाटे जो भाव बोलायला हवा होता तो बोलला.

धोंडुबाई त्या दिवशी कारखान्यावरून जाताना ओट्यावर टेकली. शेठनी पाणी दिलं, ती प्यायली, तांब्या उपडा ठेवला आणि गेली.

पुढच्या दोन वर्षांत गाव बदललं म्हणतात तसं बदललं. होड्या बर्फ बरोबर नेऊ लागल्या, तशा खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन दोन-दोन दिवस राहू लागल्या. मिठागरावरची इंजिनं जाऊन मोटारी आल्या. महिपतीनं भाताची गिरणी टाकली, आणि बायकांचं डोक्यावर पोती घेऊन कासूला जाणं थांबलं. आमची हौसा गिरणीच्या बाजूला पोहे कांडायच्या यंत्रावर कामाला लागली. निसीमच्या पोटाचं काय झालं? आधी सहा महिने दुकान रिकामं पडलं. मग मोटारीच इतक्या झाल्या की त्यातल्या थोड्या जळल्या तरी पुरायचं. त्यानं बाजूचा गाळा घेतला. सगळ्यांचंच असं भलं झालं नाही. वडखळला डिझेल इंजिनं दुरुस्त करणारा केरू मेस्त्री होता, मी ज्याच्याकडून इंजिन शिकलो. त्याच्या दारात कुणी फिरकेना. तो पन्नाशीत धाटावला कंपनीत शिफ्टवर लागला, झाडलोटीच्या कामावर. मी एकदा भेटायला गेलो तर मला म्हणाला, "तुला वेळेत कुणी सांगितलं. मला कुणी सांगितलं नाय."

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर शेठनी मला ऑफिसात बोलावलं. हातात मावशींचं पत्र होतं. "वाच," म्हणाले. मावशींनी लिहिलं होतं, कारखाना चालला असं लोक सांगतात, मग आता या.

"माझंच वाक्य मला परत पाठवलंय तिनं," शेठ म्हणाले. हसत होते. "रघू, बंद पडलेला कारखाना टाकून मी गेलो नसतो. आणि कुणी घेतलाही नसता. आता घेणारे आहेत."

घेणारा हैबतराव होता. ही बातमी कोळीवाड्यात पोचली तशी धोंडुबाई तडक आली. ऑफिसात न येता दारातच उभी राहिली.

"एझ्रा, आमाला परत त्याच्याच हातात देतोस?"

"दुसरा घेणारा आण, धोंडुबाई. तुमी बायका मिळून घेत असाल तर तुमाला देतो, त्याच्यापेक्षा कमीत देतो. सहा महिने थांबतो."

तिनं खरंच प्रयत्न केला. बायकांना गोळा केलं, पेणला जाऊन संस्था काढायचे कागद विचारून आली. पण कुणाच्या घरात लग्न निघालं, कुणाची होडी फुटली, कुणाच्या नवऱ्यानं नको म्हटलं. सहा महिने सरले. शेठनी आणखी एक महिना दिला. मग हैबतरावाला दिला, एका अटीवर. रोज पहाटे पहिला बर्फ कोळणींचा, मग टेम्पोचा. हैबतरावानं देवाची शपथ घेतली.

जायच्या दिवशी शेठ कासूच्या स्टेशनावर पॅसेंजरची वाट बघत उभे होते. एक बॅग, एक पिशवी, प्रार्थनेचं पुस्तक. अर्धं गाव फलाटावर. धोंडुबाई पण आली, सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलायला. तिनं एक पुडकं हातात दिलं. सुके बांगडे. शेठच्या धर्मात खवल्याचीच मासळी चालते, कोळंबी किंवा तिचे सोडे नाहीत.

"खवल्याची मासली हाय. तुला चालती ती. सोडे नाय घातले."

"विमानात वास येईल गो."

"येऊं दे. कळूं दे कोण बसलाय."

शेठ हसले आणि मग एकदम तोंड फिरवून गाडी येते का ते बघू लागले. गाडी यायला अजून अवकाश होता.

हैबतरावानं शपथ वर्षभर पाळली. पुढच्या उन्हाळ्यात लाद्या आधी टेम्पोत जायला लागल्या. बायका भांडायला गेल्या, मी पण बोललो, आणि मला कामावरून काढलं. पण लाइन काही एकट्या हैबतरावाची नव्हती. त्याच तारेवर, त्याच उपकेंद्रावरून, कासूला दुसरा बर्फकारखाना निघाला. मला त्यांनी ऑपरेटर म्हणून लगेच घेतलं. पहिल्याच महिन्यात मी टेम्पो भरून लाद्या खारचोंढीच्या बांधावर आणल्या. आठवड्याभरात हैबतरावाचा माणूस कोळीवाड्यात दारोदार फिरून विचारत होता, लादी हवी का, लादी.

नव्याण्णवच्या मार्गशीर्षात शेठचं पत्र आलं. मराठीतच. लिहिलं होतं की नातवंडं मराठी बोलत नाहीत, दीना त्यांना शिव्या तेवढ्या शिकवते. घरात फ्रिज आहे, त्यात सुपारीएवढे बर्फाचे तुकडे होतात, आणि नातू कौतुकानं आणून दाखवतो की आजोबा, बर्फ! त्याला मी काय सांगू, रघू? मी पण म्हणतो, व्हय रे बाबा, बर्फ.

मी ते पत्र धोंडुबाईला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग पदरानं तोंड पुसून तिनं हात पुढं केला आणि ते पत्र माझ्याकडून मागून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. मी दिलं.